पुनर्वसन आणि पुनर्वसाहत : दोन इंग्रजी शब्द, एक मराठी धातू

१

संसदेने २०१३ साली केलेल्या भूमिसंपादनविषयक कायद्याच्या इंग्रजी नावात ‘रिहॅबिलिटेशन’ आणि ‘रीसेटलमेंट’ हे दोन शब्द शेजारीशेजारी येतात. मराठी नावात त्यांच्या जागी ‘पुनर्वसन’ आणि ‘पुनर्वसाहत’ हे शब्द योजिले आहेत. हे दोन इंग्रजी शब्द इतके जोडीने वापरले जातात की ते समानार्थीच असावेत, आणि एकाच गोष्टीसाठी दोन शब्द घालण्याच्या कायदेपंडितांच्या सवयीने ते तेथे आले असावेत, असे पुष्कळांस वाटते. मराठीत तर हा समज पक्का होण्यास शब्दांचे रूपच कारण होते. दोन्ही मराठी शब्द ‘वस्’ ह्या एकाच धातूच्या आधाराने उभे आहेत आणि दोहोंच्याही आरंभी ‘पुनर्’ आहे. वाचणाऱ्याने त्यांत भेद करावा तरी कशाच्या बळावर?

प्रस्तुत लेखाचा विषय हा भेद आहे. मूळ इंग्रजी शब्दांचे अर्थ निराळे आहेत. ते निराळेपण मराठी परिभाषेत हरवले आहे. आणि ज्या लोकांना ह्या शब्दांच्या आधारे न्याय मागावयाचा असतो त्यांना ही हानी सोसावी लागते, असे आमचे प्रतिपादन आहे. उदाहरणे मुख्यतः नवी मुंबईची घेतली आहेत. ती जवळची आहेत एवढेच त्याचे कारण नव्हे. एका शब्दाने दर्शविलेली स्थिती आणि दुसऱ्या शब्दाने दर्शविलेली स्थिती एकाच भूप्रदेशात स्पष्टपणे वेगळ्या पाहावयास मिळतात, अशी जागा दुसरी क्वचितच सापडेल.

२

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘रिहॅबिलिटेट’ हे इंग्रजी क्रियापद मध्ययुगीन लॅटिनमधील ‘रेहाबिलितारे’पासून आले. त्याच्या पोटात ‘हाबिलिस’ हे विशेषण आहे. त्याचा अर्थ योग्य, समर्थ, हाताशी येणारा. इंग्रजीतील ‘एबल’ हा रोजचा शब्द ह्याच कुळातला. तेव्हा ‘रिहॅबिलिटेशन’चा मूलार्थ ‘गेलेले सामर्थ्य, पात्रता किंवा प्रतिष्ठा परत देणे’ असा होतो. आरंभी हा शब्द पदवी, अधिकार आणि अब्रू ह्यांच्या संदर्भात वापरला जाई.

लॅटिनमध्ये ‘हाबितारे’, म्हणजे ‘राहणे’, असे आणखी एक क्रियापद आहे आणि इंग्रजीतील ‘हॅबिटेशन’ हा शब्द त्यापासून निघाला. ‘हाबिलिस’ आणि ‘हाबितारे’ ही दोन्ही ‘हाबेरे’, म्हणजे ‘धारण करणे’, ह्या मूळ क्रियापदाची अपत्ये असल्यामुळे त्यांत चुलतभावंडांचे साम्य आहे. परंतु ‘रिहॅबिलिटेशन’ हा शब्द सामर्थ्याच्या शाखेवरचा आहे, घराच्या शाखेवरचा नव्हे. ‘रिहॅबिलिटेशन’मध्ये ‘हॅबिटेशन’चा भास होतो तो कानाला, अर्थाला त्याचा आधार नाही.

‘रीसेटलमेंट’ची गोष्ट निराळी. ‘सेटल’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील ‘आसन’ अशा अर्थाच्या नामापासून झाले. त्याचा मूळ इंडो-युरोपीय धातू आणि संस्कृतातील ‘सद्’ हा धातू एकच. सदन, सदस्य, सभासद हे आपले शब्द त्याच धातूचे. म्हणून ‘रीसेटलमेंट’ म्हणजे एका ठिकाणाहून उठलेल्यास दुसऱ्या ठिकाणी बसविणे. हा शब्द स्थलवाचक आहे. ‘रिहॅबिलिटेशन’ हा अवस्थावाचक आहे.

आरंभीचे ‘री’सुद्धा दोन्ही शब्दांत एकाच अर्थाचे नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ‘रीसेटलमेंट’मधील ‘री’ पुनरावृत्तीचे आहे : एकदा वसलेला माणूस दुसऱ्यांदा, आणि बहुधा दुसरीकडे, वसतो. ‘रिहॅबिलिटेशन’मधील ‘री’ प्रत्यावर्तनाचे आहे : पूर्वी जे होते ते परत येते. संस्कृत ‘पुनर्’ला हे दोन्ही अर्थ आहेत. ‘पुनर्विवाह’ आणि ‘पुनरुक्ती’ ह्यांत दुसऱ्यांदा घडणे आहे. ‘पुनरागमन’ ह्या शब्दात परत येणे आहे. ‘पुनर्वसन’मधील ‘पुनर्’ ह्यांपैकी कोणत्या जातीचे? पूर्वीसारखे वसणे, की दुसऱ्यांदा वसणे? शब्द स्वतःहून सांगत नाही. हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटला, तरी ज्याची जमीन गेली त्याच्या दृष्टीने ह्या दोन उत्तरांत फार अंतर आहे.

३

दोन शब्द समानार्थी आहेत किंवा नाहीत हे ठरविण्याचा जुना मार्ग म्हणजे एकाच्या जागी दुसरा घालून पाहणे.

सोव्हिएत नेते निकोलाय बुखारिन ह्यांना १९३८ साली देहान्त शिक्षा झाली आणि १९८८ साली त्यांना निर्दोष ठरविण्यात आले. ह्या घटनेला इंग्रजी लेखक ‘रिहॅबिलिटेशन’ म्हणतात. तेथे ‘रीसेटलमेंट’ हा शब्द घातला तर वाक्य हास्यास्पद होते, कारण पन्नास वर्षांपूर्वी मृत्यू पावलेल्या माणसाला कोणी घर देत नाही. मराठीतही येथे ‘पुनर्वसन’ म्हणता येत नाही. ‘पुनःप्रतिष्ठा’ असे काही तरी म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण मुंबईतील हाजी अली येथील केंद्र सरकारच्या संस्थेचे घेऊ. १९५५ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या नावात ‘रिहॅबिलिटेशन’ हा शब्द आहे. अपघातात पाय गमावलेला मनुष्य तेथे कृत्रिम पायाने चालण्यास शिकतो आणि आपल्या जुन्याच घरी, जुन्याच गल्लीत परत जातो. त्याचे ठिकाण बदललेले नाही. त्याचे सामर्थ्य मात्र काही अंशी परत आलेले आहे. व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाट्यांवरील ‘पुनर्वसन’ ह्याच प्रकारचे. म्हणजे मराठीनेही ‘पुनर्वसन’ हा शब्द घराबाहेरच्या अर्थाने वापरण्यास आरंभ केलेला आहे. हे नोंदवून ठेवणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे.

तिसरे उदाहरण वृत्तपत्रांचे. निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याला विधानपरिषदेवर घेतले की त्याचे ‘राजकीय पुनर्वसन’ झाले असे छापून येते. ह्या प्रयोगातील विनोद मार्मिक आहे. पुढाऱ्याला सदनात आसन मिळते, म्हणजे ‘सद्’ धातूच्या हिशेबाने त्याचे ‘रीसेटलमेंट’ होते. त्याचे सामर्थ्य, म्हणजे मतदारांचा विश्वास, परत आलेला असतोच असे नाही. वृत्तपत्रांनी हेतू नसताना एक सत्य सांगितले आहे : जागा मिळणे आणि समर्थ होणे ह्या दोन गोष्टी आहेत.

४

मग ‘रिहॅबिलिटेशन’साठी घराचा धातू का निवडला गेला? एक कारण ध्वनिसाम्याचे असू शकेल. परंतु आमच्या मते खरे कारण इतिहासात आहे. फाळणीनंतर सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्र सरकारने निर्वासितांच्या मदतीसाठी आणि पुनर्वसनासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले, आणि हा इंग्रजी शब्द भारतीय भाषांत सर्वतोमुखी होण्याचा प्रसंग आला. लाखो माणसे घरावाचून उघड्यावर होती. त्यांची पहिली निकड छपराची होती. हिंदीत ‘पुनर्वास’, बंगालीत ‘पुनर्बासन’, मराठीत ‘पुनर्वसन’, असा सर्वत्र ‘वस्’ धातूच पुढे आला, ही गोष्ट त्या काळास धरूनच झाली.

तथापि त्या काळीही छप्पर म्हणजे सर्व काही नव्हते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना बराकी मिळाल्या आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराक मिळाली तेव्हा त्या कुटुंबाची पुनर्वसाहत झाली. त्याने दुकान घातले, कारखाना उभारला, बाजारात पत मिळविली, तेव्हा त्याचे ‘रिहॅबिलिटेशन’ झाले. ह्या दोन घटनांमध्ये वर्षे गेली, आणि दुसरी घटना पुष्कळशी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर घडवून आणली. भाषेने मात्र दोहोंना एकच नाव दिले.

घडणीच्या दृष्टीनेही मराठी शब्द विचार करण्याजोगा आहे. ‘वसन’ हे साध्या धातूचे नाम. त्याचा अर्थ ‘वसणे’. हिंदी कायद्यात ‘पुनर्वासन’ हे प्रयोजक रूप आहे. त्याचा अर्थ ‘वसविणे’. हिंदी रूपात वसविणारा कोणी तरी गृहीत धरलेला आहे, मराठी रूपात तो नाही. अर्थात मराठीत आपण ‘पुनर्वसन करणे’ म्हणून ती उणीव भरून काढतो. ‘रीसेटलमेंट’साठी हिंदी कायद्याने ‘पुनर्व्यवस्थापन’ हा शब्द स्वीकारला. त्यात स्थलाचा अर्थ लोपला आणि व्यवस्थेचा आला. पण निदान त्याचा धातू निराळा आहे, त्यामुळे वाचणारा क्षणभर थांबून दोन शब्द दोन का, असे विचारील. मराठीतील ‘पुनर्वसाहत’ तेवढीही संधी देत नाही. ‘वसाहत’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे घरांच्या रांगा येतात, किंवा औद्योगिक वसाहत येते. ‘पुनर्वसन’ म्हटल्यावरही त्याच रांगा येतात.

येथे बोलीचे भान राखणे उपयुक्त ठरेल. बोलीतील मराठी ह्या बाबतीत परिभाषेहून अधिक नेमकी आहे. ‘गाव उठले’ आणि ‘गाव वसले’ हे स्थलाचे बोलणे. ‘धंद्याचा जम बसला’, ‘बस्तान बसले’, ‘संसाराची विस्कटलेली घडी बसली’, ‘माणूस पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला’ हे अवस्थेचे बोलणे. ‘उपविश्’पासून ‘बैसणे’ ह्या मार्गाने आलेले ‘बसणे’ आणि ‘वस्’पासून आलेले ‘वसणे’ ही दोन क्रियापदे कानाला जवळची असली तरी बोलणारा त्यांची अदलाबदल करीत नाही. गाव वसते, घडी बसते. घडी वसते असे कोणी म्हणत नाही.

५

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादण्याचे ठरले. भातशेती, खाजण जमिनी, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी ह्यांवर येथील आगरी, कोळी आणि कराडी समाजाचे जीवन अवलंबून होते. संपादन १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याखाली झाले. त्या कायद्यात नुकसानभरपाई होती. प्रस्तुत दोन्ही शब्दांची कल्पना त्यात नव्हती.

ह्या संपादनाचे वैशिष्ट्य असे की बहुतेक गावांची गावठाणे जागच्या जागी राहिली. घणसोली, करावे, दिवाळे, सारसोळे ही गावे आजही शहराच्या पोटात आहेत. शेत गेले, मिठागर गेले, खाडीचे रूप पालटले. घर मात्र तेथेच राहिले. ह्या माणसाला मराठीत काय म्हणावयाचे? तो विस्थापित नाही, कारण तो स्थानावरून हललाच नाही. त्याचे ‘पुनर्वसन’ करावे असे म्हटले तर ऐकणारा विचारील, “हा तर आपल्या घरातच वसला आहे, ह्याला आणखी कोठे वसवावयाचे?” शब्दाच्या मर्यादेत राहून पाहिले तर प्रश्न चुकीचा नाही. चूक शब्दाची आहे. ‘रिहॅबिलिटेशन’च्या मूळ अर्थाने पाहिले तर ह्या माणसाचा हक्क पहिल्या क्रमांकाचा ठरतो, कारण त्याचे गेले ते सामर्थ्यच होते.

१९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखांना, दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्यातील मुख्य मागणी घराची नव्हती. जमिनीचे योग्य मोल आणि त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहरात वाटा, अशी ती होती. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांस परत देण्याची योजना आली. ह्या योजनेला लोकांच्या तोंडी ‘पुनर्वसन’ हे नाव बसले नाही. ती ‘साडेबारा टक्के’ ह्याच नावाने ओळखली जाते. पुढे विमानतळासाठी आलेली योजना तशीच ‘साडेबावीस टक्के’ झाली. जेथे नेमका शब्द नसतो तेथे लोक आकडा बोलतात. आकडा खोटे बोलत नाही, परंतु तो अपुरे बोलतो. किती मिळाले हे तो सांगतो. मिळालेल्याने काय साधले हे सांगत नाही. ह्या योजनेतील अनेक भूखंड विकासकांच्या हाती गेले, आणि ज्याच्या नावे जमीनच नव्हती त्या कुळवाड्याला, मजुराला वा मच्छीमाराला टक्क्यांच्या हिशेबात जागा नव्हती.

घर न उठल्यामुळे आणखी एक शब्दप्रयोग जन्मास आला. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द तशीच राहिली, आणि गावकऱ्यांनी हद्दीबाहेर घरे बांधली. नियमाच्या भाषेत ती अनधिकृत. त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव मिळाले आणि हा प्रयोग शासकीय निर्णयांच्या भाषेतही रूढ झाला. निवासाच्या धातूवर उभा असलेला पारिभाषिक शब्द ज्यांच्या निवासाचीही तरतूद करू शकला नाही, त्यांनी आपल्यासाठी नवा प्रयोग घडविला, असे ह्याचे वर्णन करता येईल.

दुसऱ्या प्रकारची स्थिती विमानतळाच्या परिसरात दिसते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या ह्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे आदी दहा गावे उठविण्यात आली आणि वडघर, करंजाडे ह्या परिसरांत ग्रामस्थांना भूखंड देण्यात आले. येथे ‘रीसेटलमेंट’ हा शब्द शब्दशः लागू पडतो, आणि ‘पुनर्वसाहत’ हा त्याचा निर्दोष प्रतिशब्द आहे.

आणि पुनर्वसाहत झाली म्हणजे पुनर्वसन झालेच असे नाही, ह्याचे उदाहरणही दूर नाही. १९८९ साली कार्यान्वित झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा हलविण्यात आला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसविण्यात आला. तेथील घरांना वाळवी लागली, आणि ग्रामस्थ वर्षानुवर्षे पुन्हा पुनर्वसन करण्याची मागणी करीत आले. पुनर्वसनाचेही पुनर्वसन मागण्याची वेळ यावी, ह्यात शब्दाचे अपुरेपण उघडे पडते.

६

महाराष्ट्राच्या कायद्यांत हा भेद एका काळी शीर्षकातच नमूद होता. राज्याच्या १९७६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘रीसेटलमेंट’ आहे आणि तो ‘डिस्प्लेस्ड’, म्हणजे विस्थापित, व्यक्तींसाठी आहे. १९८६ च्या कायद्याच्या नावात ‘रिहॅबिलिटेशन’ आले आणि व्यक्ती ‘अफेक्टेड’, म्हणजे बाधित, झाल्या. १९९९ च्या कायद्याने तेच नाव पुढे चालविले. दहा वर्षांत विस्थापितापासून बाधितापर्यंत आणि बसविण्यापासून समर्थ करण्यापर्यंत निदान नावाने तरी प्रवास झाला. मराठी व्यवहारात मात्र ह्या तिन्हींना ‘पुनर्वसन कायदा’ असेच म्हणतात, आणि हा प्रवास मराठी वाचकाच्या नजरेस येत नाही. केंद्राच्या धोरणांतही असेच घडले. २००३ च्या राष्ट्रीय धोरणाच्या नावात ‘रीसेटलमेंट’ प्रथम होते आणि ‘रिहॅबिलिटेशन’ नंतर. २००७ च्या धोरणात क्रम उलटला, आणि २०१३ च्या कायद्याने तो उलटलेला क्रम कायम ठेवला.

ह्या कायद्याच्या व्याख्या पाहिल्या म्हणजे आश्चर्य वाटते. त्यात ‘बाधित कुटुंब’ आणि ‘विस्थापित कुटुंब’ ह्यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. बाधितांत जमीनमालकाबरोबर शेतमजूर, कुळे, कारागीर आणि पाण्यावर उपजीविका करणारे मच्छीमार व नावाडी येतात; विस्थापितांत फक्त ज्यांना जागा सोडावी लागते ते येतात. ‘पुनर्वसाहतीचे क्षेत्र’ ह्याचीही व्याख्या आहे. परंतु ‘रिहॅबिलिटेशन’ म्हणजे काय, ह्याची व्याख्या कायद्याने केलेली नाही. स्थळाची व्याख्या झाली, अवस्थेची राहिली. ज्या शब्दाची व्याख्या कायदा करीत नाही, त्याचा अर्थ वाचणारा आपल्या भाषेतून आणतो. इंग्रजी वाचक तो ‘एबल’च्या कुळातून आणील, मराठी वाचक ‘वस्’च्या कुळातून आणतो.

दुसऱ्या अनुसूचीत मिळावयाच्या लाभांची यादी आहे. घर, वाहतुकीसाठी ५०,००० रुपये, वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाहभत्ता ही कलमे उघडच घर बदलण्याशी निगडित आहेत. नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान २,००० रुपये, हा पर्याय सामर्थ्याशी निगडित आहे. मासेमारीच्या हक्काचेही एक कलम आहे. पण ते सिंचन व जलविद्युत प्रकल्पांच्या जलाशयांपुरते. खाडीचा मच्छीमार बाधिताच्या व्याख्येत येतो, परंतु त्याच्या खाडीच्या बदली काय, ह्याचे उत्तर त्या कलमात नाही. यादी दोन शब्दांची असून एकत्र केल्यामुळे कोणते कलम कोणत्या शब्दाचे, हे ठरविण्याचे काम वाचणाऱ्यावर येते. मराठीत ते काम जवळजवळ अशक्य होते.

७

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला असा की इंग्रजीतही हा भेद काटेकोर नाही. आक्षेप खरा आहे. जागतिक बँकेच्या धोरणांत ‘रीसेटलमेंट’ हाच व्यापक शब्द असून त्यात उपजीविकेचाही समावेश होतो. उलट महाराष्ट्रात १९९५ साली स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या इंग्रजी नावात ‘रिहॅबिलिटेशन’ आहे, आणि तेथे त्याचा अर्थ व्यवहारात झोपडीऐवजी सदनिका एवढा संकुचित झाला आहे. आपल्या शब्दाचा संकोच येथे इंग्रजी शब्दावर उलटला, असेही म्हणता येईल. तरीसुद्धा इंग्रजीत शब्दांची कुळे दोन असल्यामुळे अर्थाचा वाद घालण्यास आधार राहतो. विस्थापनाचे अभ्यासक मायकेल चेर्निया ह्यांनी दारिद्र्यात लोटणारे आठ धोके सांगितले : भूमिहीनता, बेरोजगारी, बेघरपणा, समाजात कडेला पडणे, अन्नाची अनिश्चिती, आजार आणि मृत्यू ह्यांत वाढ, सामाईक साधनांवरील हक्क जाणे, आणि समाजाची वीण उसवणे. ह्या आठांत घराशी प्रत्यक्ष संबंध असलेला धोका एकच आहे. आपल्या परिभाषेने नेमका तो एक उचलून त्याचे नाव आठांना दिले आहे.

दुसरा आक्षेप असा की दोष अंमलबजावणीचा आहे. शब्द बदलल्याने मच्छीमाराच्या जाळ्यात मासा येणार नाही. हेही खरे. परंतु अंमलबजावणी पुरी झाली की नाही हे कशाने मोजावयाचे, हे शब्दच ठरवितो. बाधित कुटुंबांना हलविण्यापूर्वी ही प्रक्रिया सर्व अंगांनी पूर्ण होईल हे पाहण्याची जबाबदारी कायद्याच्या ३८ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यावर टाकली आहे. भूखंडवाटपाची यादी पुरी झाली म्हणजे ‘पुनर्वसन पूर्ण’ असा शेरा मारता येतो, आणि मराठी शब्दाच्या अर्थाने तो शेरा खोटा ठरत नाही. खोट्या शेऱ्याविरुद्ध दाद मागता येते. शब्दार्थाने खऱ्या आणि वस्तुस्थितीने अपुऱ्या शेऱ्याविरुद्ध दाद मागणे अवघड असते.

८

मग करावे काय? नवा शब्द घडविण्याचा मोह होतो, पण तो आवरावा असे आम्हांस वाटते. ‘पुनःस्थापना’ हा शब्द पुन्हा स्थळाकडेच नेतो. ‘पुनःप्रतिष्ठापना’ मूर्तीची होते. ‘सक्षमीकरण’ दुसऱ्या इंग्रजी शब्दाने अडविले आहे. ‘पुनर्व्यवस्थापन’ कचेरीचा वास देते. शिवाय ‘पुनर्वसन’ हा शब्द आता केवळ कायद्याचा राहिलेला नाही. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या चळवळीने खेडोपाडी पोहोचविली. लोकांनी ज्या शब्दाभोवती लढा उभा केला तो शब्द परिभाषाकारांनी काढून घेणे योग्य नव्हे. लोकांनीच घडविलेला ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द पाहावा. ग्रहणातील ‘ग्रस्’ धातूवर उभा असलेला हा शब्द विस्थापित आणि बाधित दोघांनाही कवेत घेतो, आणि कोणत्याही इंग्रजी शब्दाचे भाषांतर म्हणून तो जन्मलेला वाटत नाही.

म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. ‘पुनर्वसाहत’ हा शब्द केवळ स्थलांतरितांसाठी आणि केवळ जागा, घरे व नागरी सोयी ह्यांसाठी राखून ठेवावा. ‘पुनर्वसन’ हा शब्द हाजी अलीच्या संस्थेत आणि व्यसनमुक्ती केंद्रात ज्या अर्थाने आधीच रुळला आहे, त्या व्यापक अर्थाने कायद्याच्या परिभाषेतही घ्यावा, आणि तो अर्थ कोशात व नियमांत लिहून ठेवावा : उपजीविका, सामाईक हक्क आणि समाजातील स्थान पूर्वीइतके किंवा पूर्वीपेक्षा चांगले होणे, मग मनुष्य जागेवरून हललेला असो वा नसो. जेथे केवळ भूखंड दिले असतील तेथे ‘भूखंडवाटप पूर्ण’ असे लिहावे, आणि जेथे गाव हलविले असेल तेथे ‘पुनर्वसाहत पूर्ण’ असे लिहावे. ‘पुनर्वसन पूर्ण’ हे शब्द लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याने कुटुंबाच्या मिळकतीचा आणि कामधंद्याचा पुरावा पाहिला पाहिजे.

पदव्युत्तर अभ्यासकांनी ह्या दृष्टीने शासकीय मराठीतील इतर जोड्याही तपासून पाहाव्यात. दोन भिन्न कुळांच्या शब्दांना एकाच धातूची दोन रूपे देण्याची सवय परिभाषेत सर्वत्र आढळते, आणि प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ गळाला हे पाहण्यासारखे असते. प्रस्तुत जोडीत गळालेला अर्थ सामर्थ्याचा आहे. करावे वा दिवाळे येथील कोळ्याला त्याच्या घरात कोणी नव्याने वसविण्याची गरज कधीच नव्हती. त्याची मागणी त्या गळालेल्या अर्थासाठी आहे, आणि ती त्याला मराठीत मांडता आली पाहिजे.